सुरतेला केलेली तार

गेल्या नाताळच्या सुट्टीतली गोष्ट. मुलाने लॅपटॉपवर एक जुना फ्रेंच चित्रपट लावला. 'लातांता' त्याचं नाव, १९७२ सालचा. फ्रेंच आमच्याकडे कुणालाच येत नाही. खाली इंग्रजी अक्षरं उमटतात, त्यांच्या आधाराने बघायचं. जेवणं उरकली होती. काकाही येऊन बसले. त्यांना ती अक्षरं भराभर वाचता येत नाहीत, म्हणून मी मधूनमधून मराठीत सांगत होते.

गोष्ट राजकारणातली आहे. आफ्रिकेतल्या एका देशाचा विरोधी पक्षनेता परागंदा होऊन युरोपात राहतो आहे. त्याच्या देशातल्या सत्ताधाऱ्यांना तो हवा आहे. त्याला तिथून उचलणं सोपं नाही, म्हणून एक पत्रकार गाठला जातो. हा पत्रकार पोलिसांच्या कचाट्यात सापडलेला, पण नेत्याचा त्याच्यावर विश्वास. टीव्हीच्या कार्यक्रमाचं निमित्त काढून तो नेत्याला पॅरिसला बोलावतो. नेता येतो. रस्त्यात पोलीस त्याला थांबवतात, तो त्यांच्या गाडीत बसतो आणि संपतं सगळं. आरडाओरडा नाही की झटापट नाही.

मुलाने चित्रपट थांबवला आणि विचारलं, "आई, म्हणजे याला पळवलं की हा आपल्या पायांनी गेला?"

मी उत्तर देणार तेवढ्यात काका उठले. "टाकी भरत आली असंल, मोटर बघून येतो," म्हणाले आणि मागच्या दाराने गेले ते परत आलेच नाहीत. त्या दिवशी आमच्या गल्लीत नळाला पाणीच आलं नव्हतं.

मुलाला काही कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. मला मात्र कळलं. १९९१ साली आमच्या घरातही एका माणसाला असंच निमित्त काढून परत आणलं होतं. तो माणूस म्हणजे हे काका. आणि त्या कामात माझा हात होता. हात म्हणजे खरोखरच हात, कारण कागदावरचं अक्षर माझं होतं.

तो चित्रपट एका खऱ्या प्रकरणावर बेतलेला आहे. मोरोक्कोचे मेहदी बेन बार्का हे मुळात गणिताचे शिक्षक. पुढे राजे झालेले दुसरे हसन हे तरुणपणी त्यांचे विद्यार्थी. देश स्वतंत्र झाला, विद्यार्थी गादीवर बसला आणि शिक्षक विरोधात गेले. त्यांच्या गैरहजेरीत त्यांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली आणि परत जाण्याची वाट बंद झाली. २९ ऑक्टोबर १९६५ रोजी ते पॅरिसला आले. वसाहतींच्या मुक्तीवर एक चित्रपट काढायचा आहे, त्याबद्दल बोलायला भेटा, असा निरोप होता. ठरलेल्या उपाहारगृहाच्या दारात दोन पोलिसांनी त्यांना गाठलं. पोलीस खरे होते, ओळखपत्रं खरी होती. बेन बार्का निमूटपणे गाडीत बसले. गाडी पॅरिसबाहेरच्या एका घराकडे गेली. त्यानंतर त्यांना कुणी पाहिलं नाही. मृतदेह आजपर्यंत सापडलेला नाही. चित्रपटाचं आमिष मांडणाऱ्यांपैकी एकजण पुढच्या जानेवारीत मेलेला आढळला. आत्महत्या, असं सांगितलं गेलं. १९६७ साली फ्रान्सच्या न्यायालयाने मोरोक्कोचे गृहमंत्री उफकीर यांना गैरहजेरीत जन्मठेप ठोठावली. ती त्यांनी कधी भोगली नाही.

इतिहास शिकवणारी म्हणून मला या प्रकरणात सगळ्यात जास्त बोचतं ते आमिष. पैशाचं नव्हतं, बाईचं नव्हतं. ज्या कामासाठी माणसाने घरदार सोडलं, त्याच कामाचं निमंत्रण होतं ते. 'तुमचं म्हणणं आम्हाला जगाला सांगायचं आहे.' घरापासून लांब पडलेल्या माणसाला यापेक्षा गोड वाक्य कुठलं असणार?

आता आमच्या घराकडे येते.

आमचं घर शहापूरचं. आजोबांचं कापडाचं दुकान. दुकान, घर आणि माणसं, तिन्हींवर आजोबांचा शब्द चालायचा. माझे बाबा बँकेत होते आणि तेव्हा हुबळीला बदलीवर. आई बैलहोंगलची, माहेरचं सगळं कानडी. लग्नानंतर मराठी शिकली. आणि काका. घरात आजोबांना उलट बोलणारा एकच माणूस. आई कौतुकाने त्यांना 'आमचे विरोधी पक्षनेते' म्हणायची.

काकांना कापड विकण्यात रस नव्हता, विणण्यात होता. शहापूर-वडगावात मागांचा खडखडाट आपण सगळेच ऐकत मोठे झालो. काकांचं म्हणणं, दुकानाच्या मागच्या जागेत दोन यंत्रमाग टाकू. आजोबांचं म्हणणं, माग टाकणारे रस्त्यावर आलेले मी पाहिलेत. हा वाद दोन वर्षं चालला. १९८८ च्या उन्हाळ्यात एके रात्री ताटावरून उठून काका गेले. वय पंचवीस. चार दिवसांनी कळलं की सुरतेला आहेत.

आजोबांनी घरात जाहीर केलं, "त्याचं नाव इथं काढायचं नाही." शेजाऱ्यांनी विचारलं तर आजी सांगायची, "कुणीतरी फूस लावून नेलं पोराला." घरचा माणूस आपल्या पायांनी गेला असं म्हणण्यापेक्षा कुणीतरी नेला असं म्हणणं सोपं जातं.

काकांची पत्रं यायची, पण आमच्या पत्त्यावर नाही, शेजारच्या काकूंकडे. निळी आंतर्देशीय पत्रं, आईच्या नावाने, आणि कानडीत लिहिलेली. आजोबांचं शिक्षण मुंबई इलाख्यातल्या जुन्या मराठी शाळेतलं. कानडी ते बोलायचे, गिऱ्हाइकाशी भावही करायचे, पण वाचता येत नव्हती. दीर-भावजयीने ही बरोबर वाट काढली होती. काकांचं अक्षर चांगलं होतं. रिंग रोडवरच्या कापड मार्केटात एका व्यापाऱ्याकडे काम मिळालंय. उधन्याला खोली आहे. खोलीत खानदेशातला एक जोडीदार आहे, त्याची भाषा अर्धी कळते. दोघांनी मिळून चार जुने माग घ्यायचं ठरवलंय, निम्मे पैसे भरलेत. आई ही पत्रं वाचून तांदळाच्या डब्यात ठेवायची. मला कानडी शाळेत होतीच, आईकडूनही आली होती. डबा मला ठाऊक होता.

१९९१ च्या पावसाळ्याआधी आजोबांच्या हाती एक पत्र लागलं. ते घरात कुणाला ओरडले नाहीत. मला दुकानात बोलावलं, गादीवर शेजारी बसवलं, गोळी दिली आणि पत्र पुढे केलं. "वाच बघू काय लिहिलंय. तुला येतंय ना कानडी?"

मी सातवीत होते. आजोबा मला कधी शेजारी बसवून घेत नसत. मी पत्र खडाखडा वाचलं, मराठीत अर्थ सांगितला, आणि मागच्या बाजूचा पत्ताही वाचून दाखवला. आजोबांनी तो वहीत उतरवून घेतला. पाठीवर हात फिरवला. तो हात मला अजून आठवतो, कारण तेव्हा मला फार आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी ते मला तार ऑफिसात घेऊन गेले. निघताना आईला काय होणार ते कळलं असावं. घाबरली की ती कानडीत बोलायची. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "बेड्री, मामंजी, बेड्री." नको हो, नको. आजोबा ऐकून न ऐकल्यासारखे पायऱ्या उतरले.

शाळेत इंग्रजीच्या तासाला आम्हाला तार लिहायला शिकवलं होतं. शब्दाला पैसे पडतात, म्हणून थोडक्यात लिहायचं. चार शब्दांची एक तार साऱ्या देशाला पाठ होती. ती मी सुंदर अक्षरात फॉर्मवर लिहिली. 'मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.' खाली आजोबांचं नाव. खिडकीतल्या माणसाने फॉर्म वाचून विचारलं, "कोण आजारी?" आजोबा म्हणाले, "हिची आजी." मी मान खाली घातली. आजी त्या वेळी घरी सांडग्यांची डाळ वाटत होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आले. खांद्याला एक पिशवी, हातात खोकं. आजी चुलीपुढे भाकरी थापत होती. त्यांना बघून ती तशीच पिठाच्या हातांनी उठली आणि त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली. तिला तारेचं काहीच माहीत नव्हतं. काका तिच्या खांद्यावरून आमच्याकडे बघत होते. आधी आजोबांकडे, मग आईकडे, मग माझ्याकडे. काही बोलले नाहीत.

आठ दिवसांनी परत जाणार होते. चौथ्या दिवशी त्यांची पिशवी सापडेना. आजीच्या कपाटात होती, सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोललं नाही. पंधराव्या दिवशी आजोबांनी दुकानाच्या शटरची किल्ली त्यांच्या पुढ्यात ठेवली. महिन्याने सुरतेहून जोडीदाराचं पत्र आलं. किती थांबू, माग दुसरा माणूस घेतोय. काकांनी उत्तर लिहिलं की नाही मला ठाऊक नाही. ते दुकानात बसू लागले. पुढच्या वर्षी लग्न झालं. घरातला विरोधी पक्ष त्या वर्षी संपला. त्यानंतर आजोबांना कुणी उलट बोललं नाही.

डिसेंबर १९९२ मध्ये सुरतेत भयंकर दंगली झाल्या. आजोबा वर्तमानपत्र पुढे धरून म्हणाले, "आणलं नसतं तर?" सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाली. आजोबा पुन्हा म्हणाले, "आणलं नसतं तर?" काकांनी दोन्ही वेळा मान हलवली. त्यांचं बरोबरही असेल. पण पळवून नेणारा नेहमी हेच म्हणतो, तुझ्या भल्यासाठी. आणि कधीकधी भलं होतंही, हीच पंचाईत असते.

यंदाच्या जानेवारीत सुरतेला एका महाविद्यालयात इतिहासाचं चर्चासत्र होतं. माझा निबंध सुरतेच्या तहावर होता. काकांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "रिंग रोडला जाऊन ये. बघ कसं आहे ते." चौतीस वर्षांत सुरतेबद्दल त्यांनी मला सांगितलेलं हे पहिलं वाक्य.

चर्चासत्र संपल्यावर मी आधी चौक बाजारातला किल्ला बघायला गेले. शेजारून तापी वाहते. १७५९ पासून हा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. फेब्रुवारी १७७५ मध्ये राघोबादादा सुरतेला पोचले ते याच किल्ल्याच्या छायेत. १७५८ साली ज्यांनी पंजाबपर्यंत मराठी फौज नेली, ते आता परक्याच्या दारात उभे होते. पुण्यात बारभाईंचं राज्य होतं. आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात ठेवून आलेले. तिथेच त्या जानेवारीत मुलगा झालेला, पुढचा दुसरा बाजीराव. मार्चमध्ये तह झाला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची, दादांनी साष्टी आणि वसई द्यायची. तारण म्हणून सहा लाखांचे जडजवाहीर इंग्रजांकडे ठेवले.

दादा काही बेन बार्का नव्हेत. नारायणरावांच्या खुनाचा डाग त्यांच्यावर होता, रामशास्त्र्यांनी तो तोंडावर सांगितलेला. 'ध'चा 'मा' ही आख्यायिका आपल्याकडे पोराटोरांना पाठ असते. कागदावर एक अक्षर बदललं आणि माणूस गेला. वर्गात ही गोष्ट सांगताना दरवर्षी मला तार ऑफिसातला फॉर्म आठवतो.

पण आमिषाची रीत तीच. दादांना गादी हवी होती आणि इंग्रज म्हणाले, या, आम्ही तुम्हाला पुण्याला नेऊन बसवतो. त्यांना हवी होती ती साष्टी. १७७६ च्या पुरंदरच्या तहात ठरलं की दादांनी तीन लाखांची नेमणूक घेऊन कोपरगावी राहावं. दादा गेले नाहीत, इंग्रजांनी त्यांना सोडलंही नाही. पुढे जानेवारी १७७९ मध्ये वडगावला, आपलं नव्हे, मावळातलं, इंग्रज हरले आणि दादा महादजी शिंद्यांच्या हवाली झाले. त्यांना झाशीकडे नेत असताना नर्मदेच्या काठी ते पहाऱ्यातून निसटले आणि परत कुठे आले? सुरतेलाच. ते पळाले, की महादजींनी काणाडोळा करून पळू दिलं, असा संशय त्या काळातही घेतला गेला. शेवटी १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर ते कोपरगावी गेले आणि पुढच्याच वर्षी वारले.

नेलं, गेला, पळवलं, पळाला, पळू दिलं. इतिहासात या क्रियापदांवरच सगळं अडतं.

किल्ल्यातून बाहेर पडून रिक्षा केली. रिक्षावाला लिंबायतचा, मूळ जळगावकडचा. त्याच्या मराठीत अहिराणी आणि गुजराती, माझ्या मराठीत कानडी. दोघांनी एकमेकांना ओळखायला दोन मिनिटं घेतली. मग खुशीत येऊन म्हणाला, "ताई, तुमचे आमदार इथंच उतरले होते ना!" मी म्हटलं, "आमचे नव्हेत हो, आम्ही कर्नाटकातले." "मग मराठी कसं बोलता?" म्हणाला. या प्रश्नाचं उत्तर आपण सीमाभागातले लोक रिक्षात देत नाही. ते लांबतं.

पण त्याने आठवण बरोबर काढली होती. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यासोबत शिवसेनेचे आमदार मुंबईहून रातोरात सुरतेला आले आणि तिथून गुवाहाटीला गेले. त्यांच्यातले नितीन देशमुख परत येऊन म्हणाले, मला बळजबरीने नेलं. दुसऱ्या बाजूने सांगितलं, ते स्वखुशीने आले होते. कैलास पाटील म्हणाले, मी वाटेत गाडीतून उतरून अंधारात चालत निघालो. आपल्या कर्नाटकालाही हे नवीन नाही. २०१७ साली गुजरातचे काँग्रेस आमदार बेंगळूरजवळच्या रिसॉर्टात आणून ठेवले होते, २०१९ साली आपले आमदार मुंबईच्या हॉटेलात जाऊन बसले होते. आपण टीव्हीवर ते बघून हसलो. पण प्रश्न तोच होता, माझ्या मुलाने विचारलेला. नेलं की गेला? आणि त्याचं उत्तर प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचं मिळतं.

रिंग रोडला उतरले. सहारा दरवाज्याच्या पुढे मार्केटांच्या इमारतींची रांगच आहे. डोक्यावर ताग्यांचे गठ्ठे घेतलेले मजूर, हातगाड्या, 'बाजूला, बाजूला' अशा चार भाषांतल्या हाका. पत्रातला पत्ता मला तोंडपाठ होता. चौतीस वर्षं मनात म्हणत आले होते. त्या मार्केटात त्या क्रमांकाच्या गाळ्यात आता लेस आणि बटणं मिळतात. गाळेवाला पोरगा पंचविशीचा होता. त्याला काय विचारायचं? एक रीळ लेस घेतली आणि निघाले.

उधन्यालाही गेले. आता पुष्कळ ठिकाणी पाण्याच्या झोताने धागा नेणारे नवे माग आले आहेत, पण एका गल्लीत जुन्या धोट्याच्या मागांचा आवाज ऐकू आला. दारातून आत बघितलं. चार माग होते की आठ, मोजले नाहीत. मोजायची हिंमत झाली नाही म्हणा.

स्टेशनकडे जाताना एका मिठाईच्या दुकानात थांबले. काचेआड तुपाने माखलेल्या पांढऱ्या घाऱ्या रचून ठेवल्या होत्या. घारी ही सुरतेची खासियत. आत मावा आणि सुका मेवा, वर तुपाचा थर. मी म्हटलं, अर्धा किलो द्या. दुकानदाराने खोकं बांधलं, वर दोरा गुंडाळला, आणि ते हातात घेतल्याबरोबर मी तिथेच थांबले.

हे खोकं मी पाहिलं होतं. तीन दिवसांचा प्रवास करून आलेल्या काकांच्या हातात तेच होतं. त्या रात्री आम्ही पोरांनी त्यातल्या घाऱ्या खाल्ल्या होत्या, तूप बोटांना लागलं होतं. मरायला टेकलेल्या आईला भेटायला जाणारा माणूस वाटेत मिठाई घेतो का?

चौतीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर तारेचा फॉर्म होता. खोक्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

बेळगावला परतले त्या रात्री जेवण झाल्यावर मागच्या कट्ट्यावर काकांपुढे खोकं ठेवलं. त्यांनी दोरा सोडवला, बघितलं आणि हसले. मी म्हटलं, "काका, एक सांगायचंय. ती तार मी लिहिली होती. पत्ताही मीच वाचून दाखवला आजोबांना."

"ते काय सांगालीस? घरात इंग्रजी लिहिणारं दुसरं कोण होतं तेव्हा?"

"तुम्हाला कळलं होतं? तार खोटी आहे म्हणून?"

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "खाली नाव कुणाचं होतं?"

"आजोबांचं."

"तेच की. आई खरंच आजारी असती तर अप्पांनी कशाला तार केली असती? वहिनीने कळवलं असतं. अप्पांचं नाव बघितलं आणि ओळखलं, आई ठणठणीत आहे. खरं, अप्पांनी बोलावलंय. तीन वर्षांत पहिल्यांदा." आणि मग माझ्याकडे न बघता, "घरून बोलावणं आलं होतं, बाळ. कसंही असू दे. मी काय आठ दिवसांसाठी म्हणून निघालो होतो."

मला काय बोलावं सुचेना. एवढी वर्षं मी समजत होते की आम्ही त्यांना फसवून आणलं. आता ते म्हणत होते की फसलेच नव्हते. मला सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बेन बार्काही स्वतःच गाडीत बसले होते; त्यामुळे गाडी कुणी पाठवली हा प्रश्न मिटत नाही. काका स्वतःच आले, पण पिशवी आजीच्या कपाटात आम्हीच ठेवली होती.

आणि आजोबांचा विचार केला. त्यांनाही मुलगा हवा होता. 'ये' हा एक शब्द लिहायचा होता. पैसेही कमी पडले असते. पण 'ये' म्हटलं की हरल्यासारखं होतं, म्हणून बायकोला आजारी पाडलं. ज्याला सरळ बोलावता येत नाही तो माणूस खोटं बोलावणं पाठवतो, आणि लांब गेलेला माणूस बोलावण्याची इतकी वाट बघत असतो की खोटं आहे हे ओळखूनही निघतो. राज्यकर्त्यांना हे पक्कं ठाऊक असतं. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही असतं. २०१३ च्या जुलैत तारेची सेवा बंद झाली. फोन आले, व्हिडिओ कॉल आले. बाहेरगावी गेलेल्या मुलांना आपण आजही सरळ 'ये, करमत नाही' म्हणतो का, की 'आईचं ब्लडप्रेशर वाढलंय' असं सांगतो? माझा मुलगा पुढच्या वर्षी शिकायला बेंगळूरला जाणार आहे. मी स्वतःला हे बजावून ठेवलं आहे.

मी विचारलं, "आणि माग, काका?"

"होगली बिडव्वा," काका म्हणाले. जाऊ दे ग. पण त्यांनी घारी खाल्ली नाही, हातातच धरून बसले. खूप वेळाने विचारलं, "उधन्यात अजून खडखडाट ऐकू येतोय काय?"

"येतोय," मी म्हटलं. "एका गल्लीत येतोय."

"कुठल्या?"

मग मी त्यांना त्या गल्लीपर्यंतचा सगळा रस्ता सांगितला. स्टेशनपासून, सावकाश, एकेक वळण.